यादीतलं नाव

दोन हजार सात सालचा मार्च महिना होता. मूळ गोष्ट मात्र एक्क्याऐंशीची, म्हणजे जालना जिल्हा झाला त्या वर्षाची. हे आधीच सांगून ठेवते, कारण साल चुकलं तर मच्छिंद्र मला सोडणार नाही.

सकाळी सव्वादहाला मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. अकरा वाजता लाइट जाणार, ती चारला येणार, हे आमच्या भागाचं भारनियमन पाठ झालं होतं. त्यामुळे सकाळची कामं उरकून मिळालेल्या तासाभरात मी ‘फर्माईश कट्टा’ वाचायची. मुलानं नाशिकहून कॉम्प्युटर पाठवला तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते. स्टेशन रोडवरच्या क्लासात विशीतल्या पोरींच्या शेजारी बसून मराठी टायपिंग शिकले. कट्टा म्हणजे इंटरनेटवरचा दोनशे-सव्वादोनशे माणसांचा गट. सगळे जुने रेडिओवाले. एके काळी पोस्टकार्डं पाठवून रेडिओवर गाण्याची फर्माईश करायची आणि निवेदिका गाण्याआधी आपली नावं वाचते का याची महिना महिना वाट पाहायची, हा ज्यांचा छंद होता ते लोक. आता केस पांढरे झालेले, मुलं दूर गेलेली. एकानं लिहायचं, त्या दिवसांना तोड नाही. वीस जणांनी लिहायचं, अगदी खरं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तेच लिहायचं. मला ते आवडायचं. रोज दुधात साखर किती घालायची हे ठरलेलं असतं, तसं होतं.

त्यात खडा एकच, मच्छिंद्र. वाटूरचा. वाटूर फाट्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि टायपिंगसाठी तो परतूरच्या कॅफेत एसटीनं जायचा. कुणी लिहिलं की अमुक कार्यक्रम दुपारी दोनला लागायचा, की दुसऱ्या दिवशी मच्छिंद्राचं उत्तर: ‘दोन वाजून दहा मिनिटांनी. वही क्रमांक सहा.’ त्यानं वीस वर्षं वह्या ठेवल्या होत्या. रोज कुठलं गाणं लागलं, कुणाकुणाची नावं वाचली, तारीख, वेळ. लोक त्याच्यावर वैतागायचे. एकानं विचारलं होतं, ‘मच्छिंद्रराव, घरी ताट वाढल्यावर तरी हो म्हणता का?’ त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘ताटात काय आहे त्यावर अवलंबून.’ मीही हसले होते. मनातून मात्र मला तो माणूस सोसत नसे. वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा असतो, सगळे माना डोलवत असताना हात वर करणारा. त्याचं बरोबर असलं तरी आपला हात खडूवर घट्ट होतो. तीस वर्षं शिकवल्यामुळे हे मला माहीत होतं.

आदल्या सकाळी धर्मराजनं लिहिलं होतं. धर्मराज कट्ट्याचा मालक, म्हणजे ज्यानं तो सुरू केला आणि ज्याच्या हातात कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे होतं तो. मूळ जालन्याचाच, आमच्या श्रोता संघातला. बँकेतून निवृत्त होऊन पुण्यात राहत होता. त्याचं लिहिणं मोठं होतं. मस्तगडला रशीदचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तिथे आमचा संघ, रशीदची बायको अनवरी. आणि मग असं: ‘अनवरीभाभींनी आजारपणात, थरथरत्या अक्षरांत, नवऱ्यासाठी एका गाण्याची फर्माईश लिहिली. कार्ड पेटीत पडलं आणि आठ दिवसांत, ऐन श्रावणात, त्या गेल्या. अडीच महिन्यांनी, दिवाळीत, रशीदमियाँ दुकानात एकटे असताना रेडिओवर आवाज आला: जालना से धर्मराज, उषा, रशीद, अनवरी और नन्ही मेहरुन्निसा. मित्रांनो, मेलेल्या माणसानं पाठवलेलं गाणं तुम्ही कधी ऐकलंय?’ खाली एकतीस उत्तरं होती. डोळे भरून आले. शब्द नाहीत. यालाच प्रेम म्हणतात. आणि बत्तिसावं मच्छिंद्राचं.

‘श्री. धर्मराज यांनी लिहिलेले शक्य नाही. सदर गाणे ९ सप्टेंबर १९८१ रोजी दुपारी प्रथम लागले. वही क्रमांक अकरा, पान बेचाळीस. बाई त्यापूर्वी श्रावणात वारल्या असे तेच लिहितात. न ऐकलेले गाणे कोणी मागेल कसे.’

त्याच्याखाली लोक त्याच्यावर तुटून पडले होते. मेलेल्या बाईलाही सोडत नाही हा. माणूस आहे की वही. एका बाईंनी लिहिलं होतं की अशा लोकांना आयुष्यात कुणी जवळ केलेलं नसतं, म्हणून ते असे होतात. शेवटी धर्मराजचं दोन ओळींचं: ‘कट्ट्याचं वातावरण राखणं माझी जबाबदारी आहे. श्री. मच्छिंद्र यांना आजपासून काढण्यात येत आहे.’ त्यावर सहा जणांनी आभार मानले होते.

साडेदहा झाले होते. पंखा फिरत होता. मी खुर्चीत सरकले, चष्मा काढला, पुन्हा लावला. कारण मच्छिंद्राचं बरोबर होतं. ते कार्ड अनवरीनं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

रशीदच्या दुकानात शिरलं की आधी डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, तारेचा वास यायचा, मग राळेचा, आणि मागच्या पडद्याआडून अनवरीच्या चुलीवरच्या चहाचा. दुकानामागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. रविवारी दुपारी मी तिथे जायची. आमच्या यांना गाण्यांचं काही नव्हतं. ते म्हणायचे, जा, पण माझं नाव कुठल्या कार्डावर टाकू नको. संघात माझं अक्षर चांगलं म्हणून कार्डं मी लिहायची, दर रविवारी पाच. नावांची यादी रशीदच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलेली असायची आणि तिचा क्रम ठरलेला होता. एकदा धर्मराजचं त्याच्या मेव्हण्याशी वाजलं आणि तो तणतणत आला, म्हणाला, ‘बाई, त्याचं नाव काटा यादीतून.’ मी पेन उचललं. तेवढ्यात पडद्याआडून अनवरी म्हणाली, ‘जिसका नाम है वोइच निकालेगा. दूसरा कौन निकालनेवाला?’ धर्मराज म्हणाला, ‘भाभी, तुम्हाला काय माहीत त्यानं काय केलं.’ ती म्हणाली, ‘मालूम नहीं. नाम उसकाच है ना?’ सगळे हसले, पण तो नियम झाला. ज्याचं नाव, त्यानंच काढायचं. पुढे मेव्हण्यानं बदली झाल्यावर स्वतः येऊन आपलं नाव काढलं, तेही अनवरीसमोर, जरा लाजत.

तिला फक्त उर्दू वाचता यायचं. माझ्या हातून तिचं नाव देवनागरीत उतरताना ती माझ्या खांद्यावरून वाकून बघायची आणि विचारायची, ‘ये मैं?’ मी म्हणायची, ‘ये तू.’ दर रविवारी पाच वेळा. थरथरतं अक्षर म्हणे. धर्मराजच्या लिहिण्यातल्या त्या एका शब्दापाशी मी पुन्हा पुन्हा जात होते. माझं अक्षर कधीही थरथरलं नाही.

त्या श्रावणात रमजान ईद झाली आणि आठ दिवसांत ती गेली. कावीळ. मेहरुन्निसा चार वर्षांची होती. दुकान चाळिसाव्या दिवसापर्यंत बंद राहिलं. सप्टेंबरातल्या एका रविवारी, हे झोपलेले असताना, मी घरीच कार्डं काढली. हाताला सवय होती, दुसरं काही नाही. आठवड्यात एक नवं गाणं कानावर पडलं होतं, तेच घातलं. यादी मला पाठ होती. धर्मराज, उषा, रशीद. मग पेन थांबलं. किती वेळ थांबलं ते सांगता येणार नाही. शाईचा एक ठिपका पडला आणि तो मोठा होत गेला. नाव सोडून पुढे मेहरुन्निसा लिहायचं, एवढंच करायचं होतं. पण मग तिला काढणारी पहिली मी झाले असते. आणि नियम तर तिचाच होता. मी लिहिलं. पाचही कार्डांवर लिहिलं. कुणाला सांगितलं नाही, आणि पेटीत टाकून आले.

पाचांतलं एक दिवाळीत लागलं. रशीदनं दुरुस्त केलेला सेट तपासायला चालू केला होता. अडीच महिन्यांत दुकानात वाजलेला तो पहिला आवाज. संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. ‘बाई, तिनं हे कवा सांगितलं?’ त्याचा चेहरा असा होता की त्याच्यापुढे खरं बोलणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढणं. मी म्हणाले, ‘श्रावणाच्या आधी.’ तो मान हलवून गेला. पुढे धर्मराजला त्यानं सांगितलं, धर्मराजनं गावाला.

पावणेअकरा. आता मला काय झालं होतं हे मी स्वतःला विचारत होते आणि दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. मच्छिंद्रावर अन्याय झाला होता, हे खरं. एका शब्दाच्या खरेपणासाठी एसटीनं परतूरला जाणारा माणूस, आणि आम्ही त्याला काढलं. हो, आम्ही, गप्प बसलेल्यांतली मी एक. पण मी खरं बोलायला मच्छिंद्रासाठी निघाले होते का? चार वर्षांपूर्वी, कट्ट्यावर यायच्या आधी, कुणी हीच गोष्ट सांगितली असती तर मी चहा गाळायला उठले असते. मला टोचलं होतं ते अक्षर. सव्वीस वर्षं ती गोष्ट माझी होती, कुणाला न सांगितलेली, आणि आता दोनशे माणसांसमोर ती दुसऱ्याच कुणाच्या हातानं लिहिली जात होती, थरथरत्या हातानं. माणसं गटात उलटं बोलतात ती खऱ्यासाठी बोलतात असं मी धरून चालले होते. पण सगळे हो म्हणत असताना त्या होकारात आपण कुठेच दिसेनासे होतो, हेही असतं. नाही म्हणणाऱ्याचं निदान नाव तरी वाचलं जातं. हे मला तेव्हा कळत होतं. आणि कळत असूनही बोटं चालत होती, हे जास्त वाईट.

‘मच्छिंद्ररावांचं बरोबर आहे. ते कार्ड अनवरी गेल्यानंतर मी लिहिलं. गाणंही माझंच. तिचं नाव मी यादीवरून घातलं. रशीदभाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. मच्छिंद्ररावांना परत घ्यावं. उषा.’ पुन्हा वाचलं नाही. अकराला तीन मिनिटं कमी असताना पाठवलं. आणि मग पंखा मंदावत मंदावत थांबला, पडदा काळा झाला, त्यात माझा चेहरा दिसला.

पाच तास काही करता येणार नव्हतं. परत घेता येणार नव्हतं, कोण काय म्हणतंय ते बघता येणार नव्हतं. लाइट फक्त आमच्या भागात नव्हती, पुण्यात होती, नाशकात होती, तिथे ते वाचलं जात होतं. मी तूर निवडायला घेतली, ताट बाजूला ठेवलं. अंगणात गेले, ऊन लागलं, आत आले. निवडलेल्या तुरीत दोन खडे तसेच दिसले. रशीद हे वाचत नाही, त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्याच वेळी मला मेहरुन्निसा दिसत होती. मेहरुन्निसा माझी विद्यार्थिनी. तहसीलला नोकरीला लागली होती. धर्मराजचं सगळं लिहिणं ती कागदावर काढून बापाला वाचून दाखवायची. हे मला माहीत होतं. पाठवायच्या आधीही माहीत होतं.

साडेबाराला फोन वाजला. ‘बाई, मी मेहरुन्निसा.’ मागे ऑफिसातला गलका होता. ‘अब्बाचं जेवण झालं का विचारायला निघाल्ते, मंग वाचलं.’ मग ती म्हणाली, ‘मला अम्मीचा चेहरा आठवत न्हाई, बाई. ते गाणं आठवतं. म्हणजे तिनं सांगितलं म्हणून आठवतं.’ आणि म्हणाली, ‘सकाळी धर्मराजकाकांचं अब्बाला वाचून दाखवून आले मी. लई खूश झाले. आता हे बी वाचू का नको, तुमीच सांगा.’ ती रडत नव्हती. शाळेतही गणित चुकलं की ती असंच विचारायची, खोडू का राहू देऊ.

‘तू वाचू नको,’ मी म्हणाले. ‘मी जाते.’

रिक्षा मस्तगडच्या वळणावरच सोडली, कारण उतरून चार पावलं चालावीत असं वाटलं. रशीदचं दुकान तेच होतं, पण पुढच्या भागात मोबाइलची कव्हरं लटकत होती. ती जागा त्यानं भाड्यानं दिली होती. मागे टेबल, काच, आणि तो. केस मेंदीनं लाल झालेले. समोर एक उघडा रेडिओ. आता त्याच्याकडे महिन्यातून एखादा यायचा. मला बघून उठला, स्टूल पुसलं. ‘बाई, तुमी? फोन करायचा, मीच आलो असतो. धर्मराजनं काय लिवलं वाचलं का? मेहरूनं वाचलं सकाळी. बराबर लिवलं त्यानं, एकदम बराबर.’

‘रशीदभाई,’ मी म्हणाले, ‘ते कार्ड मी लिहिलं होतं. अनवरी गेल्यावर.’

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. सरळ ठेवला, टेबलाच्या कडेला लावून. मग म्हणाला, ‘नवं गाणं व्हतं ते.’

‘म्हणजे?’

‘रेडिओचं दुकान हाय माझं, बाई. गाणं कवा आलं एवढं मला कळत न्हाई का? दिवाळीनंतर आठ दिवसांतच समजलं व्हतं.’ तो रेडिओच्या आत बघत होता. ‘मी हिशेबच केला न्हाई. ती कवा गेली, गाणं कवा आलं, ह्या दोन तारखा मी कधी शेजारी शेजारी आणल्या न्हाईत. सव्वीस वर्सं. त्याला बी मेहनत लागती.’

मला हलकं वाटलं. ती चूक होती. मी म्हणाले, ‘मग तुम्हाला माहीतच होतं.’

‘माहीत असणं अलग, बाई. कुणी येऊन सांगणं अलग.’ मग, ‘आज कामून सांगितलं?’

मी मच्छिंद्राचं सांगितलं, वहीचं, त्याला काढल्याचं. रशीदनं ऐकून घेतलं. ‘बिलकुल बराबर हाय त्याचं,’ तो म्हणाला. ‘पन तो खरं बोलला ते मोडून काडता येत व्हतं. येडा हाय म्हनून. तुमचं मोडता येत न्हाई.’ पुढच्या भागात कुणी तरी गिऱ्हाईक कव्हराची घासाघीस करत होतं. ‘तवा तिचं नाव का लिवलं?’

‘नियम होता,’ मी म्हणाले. ‘ज्याचं नाव त्यानंच काढायचं.’

‘कुणाचा नियम व्हता?’

‘अनवरीचा.’

‘मंग?’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. ‘तवा लिवलं ते बराबर व्हतं. आज तुमी काटलं.’

त्यानं चहा मागवला. मी प्यायले. माझा चहा संपेपर्यंत तो रेडिओतला एक स्क्रू सोडवत राहिला, आणि मी उठले तेव्हा ‘जपून जा, रस्ता खोदलेला हाय’ म्हणाला, नेहमीसारखं. टेबलाच्या काचेखाली यादी नव्हती. तिथे मोबाइल कंपनीचं कॅलेंडर होतं.

चारला लाइट आली. कट्ट्यावर चाळीस उत्तरं होती. निम्म्यांनी माझ्या धैर्याचं कौतुक केलं होतं, निम्म्यांनी विचारलं होतं की या वयात हे सांगून काय मिळवलं. दोन्ही वाचताना सारखीच लाज वाटली. धर्मराजनं कट्ट्यावर काही लिहिलं नव्हतं. मला वेगळं लिहिलं होतं, ‘बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ पण मच्छिंद्राला त्यानं परत घेतलं होतं. दोन दिवसांनी मच्छिंद्राचंही आलं, फक्त मला. आभार नव्हते. ‘दुरुस्ती: रशीद यांच्या दुकानात वाजले ते दिवाळीत नव्हे, दिवाळीच्या आदल्या दिवशी.’ आणि खाली, एक ओळ सोडून: ‘वीस वर्षांच्या वह्या पुन्हा तपासल्या. त्यात माझे नाव एकदाही वाचलेले नाही. वाटूरवरून एकटा कार्ड पाठवत असे. आपल्या संघाच्या यादीत नाव घालावे म्हणून १९७९ साली आपल्याला पत्र दिले होते. उत्तर आले नाही.’

ते पत्र मला आठवत नाही. आठवण्याचा खूप प्रयत्न केला. संघाची सगळी पत्रं माझ्याकडेच यायची.

रशीद दोन हजार आठच्या पावसाळ्यात गेला. त्या दिवसानंतर मी दुकानात तीनदा गेले, तो तिन्ही वेळा बोलला, अनवरीबद्दल एकदाही नाही. मेहरुन्निसा अंबडला बदलून गेली. ईदला फोन करते, बाई म्हणते, आणि ते गाणं कुठे लागलं तर ऐकते की बंद करते, हे मी विचारलेलं नाही. मच्छिंद्रानं दुकान मुलाला दिलं. त्याच्या वह्यांना वाळवी लागली, अकरापर्यंतच्या वाचल्या. त्यानंतर तो कमी चुका काढतो, कारण पुढचं त्याला तपासून बघता येत नाही. धर्मराज मागच्या वर्षी पुण्यात झोपेत गेला. कट्ट्याची किल्ली त्याच्या एकट्याकडे होती, पासवर्ड घरच्यांनाही माहीत नाही. त्यामुळे कट्टा चालू आहे, पण कुणाला आत घेता येत नाही आणि कुणाला काढताही येत नाही. सभासदांच्या यादीत पहिलं नाव अजून धर्मराजचंच आहे. मी मागच्या आठवड्यात लिहिलं, आपण दोनशे अठरा जण उरलो. मच्छिंद्राचं उत्तर आलं: ‘गेलेले धरून दोनशे अठरा.’

मी लिहिलं, ‘धरूनच.’ त्यावर त्यानं काही दुरुस्ती पाठवली नाही.